एक घे, एक ठेव

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे. रंग फिकट निळा, दारं चार, दिवे गोल. पॅसिफिक महासागरातल्या नॉरफोक बेटावर मी बेचाळीस वर्षं धावते आहे. आमच्याकडचा खारा वारा चांगल्या गाडीचा पत्राही पाच-सहा वर्षांत खाऊन टाकतो, त्यामुळे मला बघून लोक तोंडात बोट घालतात. समोरच्या काचेच्या आत एक निळी फीत लटकते, ती प्रदर्शनातल्या पहिल्या नंबराची. तुम्हीही माझं कौतुक करायला आला असाल तर जरा थांबा. आधी माझी गोष्ट ऐका, मग काय ते ठरवा.

कारखान्यातलं मला काही आठवत नाही. आठवतं ते उतरणं. आमच्या बेटाला बंदर नाही, जहाज लांब उभं राहतं. मग दोन होड्या एकमेकींना बांधायच्या, वर फळ्या टाकायच्या, फळ्यांवर गाडी ठेवायची आणि देवाचं नाव घ्यायचं. त्या दिवशी अशा दोन गाड्या उतरल्या. एक मी, दुसरी माझी जुळी बहीण. म्हाताऱ्या आयझॅक बफेटने आम्हाला आपल्या दोन मुलींच्या लग्नासाठी मागवलं होतं. थोरली मर्टल, धाकटी आयलीन. लहानपणी एकीला बाहुली आणली की दुसरी तिचं डोकं उपटायची. म्हणून म्हाताऱ्याने एकाच वर्षाच्या, एकाच रंगाच्या दोन गाड्या आणल्या आणि म्हणाला, "आता भांडून दाखवा."

त्यांनी दाखवलं. गाड्यांवरून नाही, पुढे आई वारल्यावर जमिनीवरून. आईने समुद्राकडचा उताराचा तुकडा धाकटीच्या नावे केला. थोरली म्हणाली, तू आजारपणात आईचे कान भरलेस. त्या दिवसापासून दोघी बोलल्या नाहीत. बेट केवढं, तर एका टोकाला शिंकलं की दुसऱ्या टोकाला कळतं. तिथे दोन सख्ख्या बहिणी एकोणीस वर्षं एकमेकींशी अबोला धरून राहिल्या.

मी आयलीनची, म्हणून गस नॉब्सचीही. गस होड्यांवर काम करायचा. मी उतरले तेव्हा सुकाणूवर तोच होता, आणि माझ्या काचेवर पाणी उडालं म्हणून सगळ्यांना शिव्या घालत होता. या दोघांना मूलबाळ झालं नाही. जे काही लाड व्हायचे ते माझे झाले. मी घेवड्याच्या बियाण्याची पोती वाहिली, मासे वाहिले, एकदा तर एक वासरूही वाहिलं. त्या वासरामुळे आणि वर्षांमुळे मला काही खोडी लागल्या. डावं पुढचं दार आधी वर उचलून मग ओढावं लागायचं. आयलीनच्या सीटची शिवण उसवली होती, ती तिने मासे धरायच्या दोऱ्याने फुलीचे टाके घालून शिवली होती. मी चालताना खडखडायचे. त्या खडखडाटात आयलीन गुणगुणायची, आणि गस म्हणायचा, "दोघींपैकी एक तरी गप्प बसा."

पाच वर्षांपूर्वी आयलीन विसरायला लागली. आधी भाजीतलं मीठ विसरली, मग शेजाऱ्यांची नावं, मग गसला. घरात ती त्याला म्हणायची, "नळवाले, झालं का तुमचं काम?" गस एवढा दांडगा माणूस, पण नळाशी जाऊन खोटंच पाना फिरवायचा आणि म्हणायचा, "झालंच बाई."

पण माझ्यात बसली की ती त्याला ओळखायची. का ते मला विचारू नका. दार उचलून ओढायची, बसायची, तिचं बोट आपोआप त्या फुल्यांवर जायचं, मी खडखडत निघायचे, आणि पहिल्याच वळणावर ती म्हणायची, "गस, काच वर कर. केसांत मीठ जातंय." रोज दुपारी तीन वाजता धक्क्यापर्यंत जायचं आणि परत यायचं. दिवसातून पाऊण तास गसला बायको होती आणि ती माझ्यामुळे होती. या गोष्टीचा मला किती गर्व होता म्हणून सांगू!

मग माझी क्लच प्लेट गेली.

जुन्या गाडीचा सुटा भाग मिळवणं म्हणजे काय असतं ते आमच्या बेटावर येऊन बघा. टॉबी इव्हान्स म्हणून आमचा मेकॅनिक आहे. त्याला सगळे बेडूक म्हणतात, टेलिफोनच्या पुस्तकातही तो बेडूकच आहे. त्याने माझ्यात कपडे धुण्याच्या यंत्राची स्प्रिंग घातली होती, बुटाच्या चामड्याचं वॉशर घातलं होतं. क्लच प्लेट मात्र बुटातून कापता येत नाही. सिडनीच्या भंगारवाल्याला लिहिलं. जहाज आलं, खोकं आलं, आत प्लेट होती, पण दुसऱ्याच वर्षाच्या गाडीची. तोवर अकरा दिवस गेले होते, आणि अकरा दिवस गस नळवाला होता.

"गसकाका," बेडूक म्हणाला, "बरोबर मापाची प्लेट बेटावर आहे. कुठे आहे ते तुलाही ठाऊक आहे."

"मर्टलच्या दारात मी मेलो तरी जाणार नाही."

"बरं. मग मेल्यावर जा. तोपर्यंत आयलीनमावशीने ओळखायचं कुणाला?"

बाराव्या दिवशी गस गेला. मर्टलचा नवरा वारला होता, डोळ्यांत मोतीबिंदू होता, गाडी चालवणं तिने कधीच सोडलं होतं. पण माझी बहीण तिच्या छपरीत जुन्या पडद्यांखाली जपून ठेवलेली होती, हाडामांसाने धडधाकट. मर्टल ओट्यावर शेंगा सोलत बसली होती.

"कोण आहे?"

"मी गस."

"कुठला गस?"

"मर्टल, तुझ्याकडे एक गोष्ट मागायला आलोय."

"जमीन मागायला आला असशील तर चुकीच्या घरी आलास. ती तुझ्याकडेच आहे."

"क्लच प्लेट हवी आहे. माझ्यासाठी नाही, आयलीनसाठी. मागशील ते पैसे देतो."

"पैसे काय कोंबड्यांना घालू? टोपी काढ आणि पुन्हा बोल. वाऱ्यात ऐकू आलं नाही मला."

वारा नव्हता. गसने टोपी काढली आणि पुन्हा सगळं बोलला. मर्टलने शेंगांची सगळी टोपली संपेपर्यंत त्याला उन्हात उभं ठेवलं. मग म्हणाली, "बाबांनी मला गाडी अख्खी दिली. मी ती अख्खीच ठेवणार, तिला भोकं पडलेली मला चालणार नाहीत. एक घे, एक ठेव. तुझं जे मोडकं असेल ते माझ्या गाडीत बसवून जायचं. आणि दर वेळी असंच मागायचं, टोपी हातात घेऊन."

सौदा ठरला. क्लच प्लेट आली, पाऊण तास परत आला. पुढे दोन वर्षांत कार्ब्युरेटर आला, रेडिएटर आला, गिअरबॉक्स आला. माझं जे जे निकामी झालं ते ते माझ्या बहिणीत गेलं, आणि तिचं धडधाकट माझ्यात आलं. बिचारी छपरीत उभ्या उभ्या आजारी पडत गेली. मर्टल गसला मुद्दाम शेजारपाजार जमलेला असताना बोलवायची आणि म्हणायची, "या, जहागीरदार या! आज काय कमी पडलं?" गस नाक मुठीत धरून सगळं ऐकून घ्यायचा. हे सगळं तो आयलीनसाठी करत होता तोवर मला त्याचं वाईट वाटायचं, पण अभिमानही वाटायचा.

इथेच थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण मित्रांनो, चांगलं चालायला लागलं की देखणं दिसावंसं वाटतं. बेडूक एकदा बॉनेट पुसत म्हणाला, "काका, आतून बाई ठणठणीत झाली. ती फाटकी सीट, तो वाकडा दरवाजा आणि झिजलेलं स्टिअरिंग बदललंस ना, तर ऑक्टोबरच्या प्रदर्शनात पहिला नंबर डोळे मिटून."

सीटची स्प्रिंग वर आली होती आणि आयलीनच्या मांडीला टोचून काळानिळा डाग पडला होता. गसने तेच कारण स्वतःला सांगितलं, मर्टललाही सांगितलं. कारण खरं होतं, पण अर्धंच. उरलेलं अर्धं त्या निळ्या फितीचं होतं. आणि खोटं का बोलू, मलाही ती हवी होती.

सीट, दार आणि स्टिअरिंग बदललं. प्रदर्शनात लोक माझ्याभोवती गोळा झाले, मुलांनी माझ्या दिव्यांत तोंडं बघितली, फीत मिळाली. तीन वाजले. गसने कोट घातला होता. त्याने माझं दार उघडलं, ते आता लोण्यासारखं उघडायचं, आणि आयलीनला हाताला धरून बसवलं. ती पर्स मांडीवर ठेवून ताठ बसली. तिचं बोट सीटच्या कडेवर फिरलं, पुन्हा फिरलं. मी सुरू झाले, पण खडखडले नाही. दुसरं वळण गेलं, तिसरं गेलं.

"सुंदर गाडी आहे हो तुमची," आयलीन म्हणाली. "मला धक्क्याशी सोडाल का? माझा नवरा न्यायला येणार आहे."

गस धक्क्यापर्यंत गेला. तिथे ती अर्धा तास वाट बघत उभी राहिली. तो मागे कोट घालून उभा होता.

चार दिवस असेच गेले. पाचव्या दिवशी त्याच्या डोक्यात प्रकाश पडला आणि तो मर्टलकडे निघाला. आयलीनला घरी एकटं ठेवता येत नव्हतं म्हणून तीही बरोबर होती. मी फाटकात थांबले. गस टोपी काढत ओट्याकडे वळला, तेवढ्यात आयलीन उतरली आणि कुणाला न विचारता थेट छपरीत गेली. माझ्या बहिणीला लावलेलं माझं दार तिने वर उचललं, ओढलं, आणि आत जाऊन बसली. मला फाटकातून सगळं दिसत होतं. तिचं बोट फुल्यांवर गेलं.

मर्टल धावत आली. भांडायलाच आली असणार. आयलीनने तिच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "मर्टी! पाय कसे गं ओले तुझे? आई रागावेल."

एकोणीस वर्षांनी तिच्या तोंडून आलेले हे पहिले शब्द. मर्टल म्हणाली, "नाही रागावणार." मग ती आत जाऊन कच्च्या केळ्याचे उकडलेले गोळे घेऊन आली, आणि दोघी बहिणी गाडीच्या दारात बसून एकाच ताटलीत जेवल्या.

गस हळूच दुसऱ्या बाजूने आत शिरला आणि माझं झिजलेलं स्टिअरिंग त्याने हातात घेतलं. आयलीन वळली. "किती उशीर, गस! चल, धक्क्यावर जाऊ."

आमच्याकडे चाव्या गाडीतच असतात. त्याने चावी फिरवली. काय सुरू होणार होतं? माझंच सगळं मोडकंतोडकं त्या गाडीत भरलेलं होतं, आणि ते त्याने स्वतःच्या हातांनी भरलं होतं. आयलीन म्हणाली, "चल ना." मग म्हणाली, "असा काय करतोस?" मग घाबरली, मग रडायला लागली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. दहा मिनिटं गसला बायको मिळायची, आणि पुढची वीस मिनिटं ती त्याच्याकडे बघून रडायची. मी बाहेर धडधाकट उभी. पेट्रोल भरलेलं, फीत लावलेली.

एका दुपारी गसने मर्टलसमोर टोपी काढली. "सीट, दार, स्टिअरिंग परत दे. तुझं तुला देतो, त्यावर ओरखडाही नाही."

"एक घे, एक ठेव, असं ठरलं होतं. परतीचं बोलणं नव्हतं झालं."

"मर्टल, हात जोडतो. अजून काय करू सांग. गुडघ्यावर येऊ?"

"नको, उठताना मलाच धरावं लागेल." मग तिचा आवाज उतरला. "माझी बहीण रोज माझ्या अंगणात येते, गस. मला मर्टी म्हणते. ती त्या सीटसाठी येते, हे काय मला कळत नाही? सीट गेली की ती गेली. तू तिला एकोणीस वर्षं ठेवलीस. आता मला ठेवू दे."

गसने टोपी डोक्यावर घातली आणि आयलीनला घेऊन तो घरी आला.

रविवारी मर्टल आयलीनला बरोबर घेऊन प्रार्थनेला गेली. गसने बेडकाला विचारलं. बेडूक म्हणाला, "काका, मर्टलमावशीच्या छपरीत तिच्या पाठीमागे मी हात घालणार नाही. तूही घालू नकोस." गस एकटाच गेला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, एक पाना आणि एक जॅक. दार उतरवताना त्याच्या बोटाची साल निघाली. माझ्या बहिणीचं जे तिचं होतं ते त्याने तिला इमानदारीने परत बसवलं, आणि माझं मला. मित्रांनो, मला कोण आनंद झाला! वाकडं का होईना, माझं दार मला मिळालं. आम्ही थेट चर्चच्या फाटकाशी गेलो. गस नवरदेवासारखा रुमालाने मान पुसत होता.

लोक बाहेर पडत होते. आयलीन मर्टलचा हात धरून आली. गसने हाक मारली. तिने माझं दार बघितलं, उचललं, ओढलं. बसली. तिचं बोट फुल्यांवर गेलं. एक, दोन, तीन. गसने श्वास रोखला, आणि मला श्वास असता तर मीही रोखला असता.

"ही माझ्या गाडीतली सीट आहे," आयलीन म्हणाली.

"हो गं. तुझीच आहे. तुझ्यासाठीच आणली."

"माझी गाडी मर्टीकडे असते." तिने वर बघितलं, थेट त्याच्या तोंडाकडे. "तुम्ही ही काढलीत कुठून?"

"आयलीन, मी गस आहे."

"चोर!" ती ओरडली आणि दाराबाहेर पडली. "मर्टी, गसला बोलाव! या माणसाने माझी गाडी फोडली! हा चोर आहे!"

आमच्या बेटावर दारांना कुलपं नसतात. तिथे जमलेल्या कित्येकांनी तो शब्द शेजाऱ्यासाठी वापरलेला कधी ऐकला नव्हता. कुणी हसलं नाही. कुणी पुढेही आलं नाही, कारण सीट खरोखरच मर्टलला न विचारता आणलेली होती आणि ते मर्टलच्या चेहऱ्यावर दिसत होतं. सूड घ्यायचा तर हीच वेळ होती. पण ती फक्त म्हणाली, "गस, आता तू जा."

त्याला दोन वर्षं होत आली. आयलीन सगळं विसरली, जेवली की नाही ते विसरते, मर्टीचं नावही विसरली. पण गसचा चेहरा ती विसरत नाही. गर्दीतही ओळखते आणि मर्टलच्या मागे लपते. डॉक्टरांनी विचार करून सांगितलं की एवढंच का राहिलं ते सांगता येत नाही. ती घरी यायला तयार नाही, मर्टलकडेच राहते. छपरीतल्या गाडीत ती आता बसत नाही. त्या गुळगुळीत सीटवर तिला काही सापडत नाही. मर्टलला बहीण मिळाली, आणि ती बहीण सकाळ-संध्याकाळ विचारते, "बाई, माझा नवरा कधी येणार?"

मित्रांनो, म्हाताऱ्या वस्तूंनी शेवटी मुलांना काही सांगायचं असतं, तर मीही सांगते. जुन्या गाडीची काळजी घ्या. तेल घाला, गंज खरवडा. पण एखादा भाग काढून दुसरा बसवण्याआधी, गाडीत बसणाऱ्या माणसाला त्या भागाची काय सवय आहे ते बघा. जी खोड सोसवते ती राहू द्या. आणि फितीच्या नादी लागू नका.

आमच्याकडे समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीला हात करतात, ओळख असो नसो. आयलीन मर्टलच्या फाटकाशी खुर्ची टाकून बसते आणि येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना हात करते, दुधाच्या गाडीलासुद्धा. गस रोज तीन वाजता मला तिकडून नेतो. आम्ही दिसलो की ती हात खाली घेऊन पदराआड धरावा तसा स्वेटरमध्ये लपवते. दर वेळी मला वाटतं, इथेच बंद पडावं. पण माझं इंजिन आता फार चांगलं आहे, आणि त्या फाटकापाशी मी एकदाही बंद पडत नाही.